वन्यजीव संशोधनात स्थानिकांचा विश्वास कसा मिळवावा: प्रस्तावापासून परतीपर्यंत

वन्यजीव संशोधनाच्या एखाद्या प्रस्तावातलं वेळापत्रक उघडून पाहा. कॅमेरा ट्रॅपला (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांना) अमुक महिने, विष्ठेच्या नमुन्यांना तमुक, विश्लेषणाला त्याहून जास्त, असं सगळं नीट आखलेलं असतं. त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते: ‘स्थानिकांशी संपर्क, पहिला आठवडा’. पुढच्या कित्येक अडचणी या एका ओळीतून उगवतात. कॅमेरे फुटतात, मुलाखतीत सगळे एकसारखी गुळगुळीत उत्तरं देतात, वाटाड्या ठरलेल्या दिवशी फिरकत नाही. संशोधक अहवालात ‘सहकार्याचा अभाव’ असं लिहून मोकळा होतो. गावाने मात्र आपलं मत केव्हाच कळवलेलं असतं.

पहिल्यांदा फील्डवर निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना पाठवणाऱ्या मार्गदर्शकांसाठी हा लेख आहे. माझं मुख्य म्हणणं एवढंच: लोकांना ‘नाही’ म्हणायची मोकळीक जितकी खरी असेल, तितकाच त्यांचा ‘हो’ भरवशाचा असतो. ही मोकळीक प्रत्यक्ष कामात कशी उतरवायची, ते आता पाहू.

जाण्याआधी: तिथे आधी कोण येऊन गेलं?

आपण कोऱ्या पाटीवर लिहायला जात नाही. 1872 मध्ये अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं आणि शोशोनी, बॅनॉक यांच्यासारख्या मूलनिवासींना आपल्याच शिकारीच्या आणि वावराच्या भूमीतून हळूहळू दूर सारलं गेलं. पुढे जगभर अनेक संरक्षित क्षेत्रं याच वाटेने उभी राहिली. त्यामुळे ‘संवर्धन’ म्हटल्यावर तुमच्या मनात जे येतं तेच समोरच्याच्या मनात येईल असं नाही. त्याला कदाचित गेलेली जमीन, भरलेला दंड, नाहीतर न मिळालेली भरपाई आठवेल.

म्हणून निघण्याआधी काही गोष्टी शोधून ठेवा. त्या भागात कुणाला कधी हलवलं गेलं? चराई, सरपण, मासेमारीवर कोणती बंधनं आली? पिकाच्या किंवा जनावरांच्या नुकसानीचे दावे तुंबलेले आहेत का? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, याआधी कोणते संशोधक आले, काय सांगून गेले आणि त्यांनी काय परत दिलं? आधीच्या गटाने निकाल सांगायला परत येण्याचं वचन मोडलं असेल, तर त्याचा हिशेब तुमच्याकडे मागितला जाणार. तो अहवाल मिळवा, भाषांतर करून सोबत घेऊन जा. दुसऱ्याचं देणं फेडल्यासारखं वाटेल, पण याहून चांगली ओळख क्वचितच होते.

दक्षिण आफ्रिकेतल्या मूलनिवासी सॅन समाजाने 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय व समन्याय, आणि काळजी या चार मूल्यांवर ती उभी आहे. तिच्यामागे अनेक वर्षांचा अनुभव होता: माणसं येतात, माहिती, फोटो, नमुने नेतात आणि नंतर काय झालं ते कळत नाही. तुम्ही जाणार आहात त्या समाजाची अशी लेखी संहिता असेल तर आधी ती वाचा. नसेल, तरी अलिखित नियम असतातच. ते विचारून घ्या.

पहिल्या भेटीला कसं जाता यालाही अर्थ असतो. वनरक्षकाच्या गाडीतून उतरलात, अंगावर खाकी किंवा लष्करी ठिपक्यांचे कपडे असले, तर तुम्ही कुणाच्या बाजूचे ते लोकांनी ठरवून टाकलेलं असतं. सरकारी परवानगी घ्यावीच लागते, ती लपवूही नये. फक्त गावात पाऊल टाकताना वेगळे या, साधे कपडे घाला आणि परवानगी कुणाची, पैसा कुणाचा, हे स्वतःहून सांगा.

संशोधनाचा प्रश्न पक्का करण्याआधी भेटा

बहुतेक जण प्रश्न पक्का करून जातात आणि लोकांकडून फक्त मदत मागतात. क्रम उलटा करून पाहा. पहिल्या भेटीत वही, फॉर्म, जीपीएस काही काढू नका. या प्राण्याबद्दल तुम्हाला काय कळून घ्यायला आवडेल, कशाचा त्रास होतो, पूर्वी काय वेगळं होतं, एवढंच विचारा आणि ऐका.

केनियाच्या अंबोसेली परिसरातलं उदाहरण पाहा. मसाई तरुण सिंह का मारतात, हे समजून घेण्यासाठी संशोधक लीला हझ्झा त्यांच्यात जाऊन राहिल्या. सिंहाच्या शिकारीमागे गुराढोरांच्या नुकसानीचा राग होता, तसाच योद्धा म्हणून मिळणारा मानही होता, हे त्यातून उमगलं. 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘लायन गार्डियन्स’ने याच तरुणांना सिंहांचे रखवालदार म्हणून कामावर घेतलं. ते सिंहांचा माग काढतात, सिंह कुठे आहेत हे गुराख्यांना आधी कळवतात, हरवलेली जनावरं शोधतात, काटेरी कुंपणं दुरुस्त करायला मदत करतात. सिंहांना मसाई नावंही तेच देतात. मान गेला नाही, त्याचं कारण बदललं. फक्त ‘वर्षाला किती सिंह मारले जातात’ एवढीच प्रश्नावली घेऊन गेलेल्या माणसाला ही वाट दिसली नसती.

यासाठी पैसे आणि वेळ लागतो, म्हणून तो प्रस्तावातच मागा. विदा (डेटा) गोळा न करता जाणारा पहिला टप्पा, दुभाष्याचं मानधन, मधल्या आणि शेवटच्या भेटी, स्थानिक भाषेत निकाल छापण्याचा खर्च, हे अंदाजपत्रकात स्पष्ट लिहा. निधी देणाऱ्याला हे पटवणं मार्गदर्शकाचं काम आहे. ते विद्यार्थ्यावर ढकलू नये.

गाव म्हणजे एक माणूस नव्हे

मुखियाने मान डोलावली की गावाची संमती मिळाली, असं समजणं हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना गैरसमज असेल. मुखियाला भेटणं शिष्टाचार म्हणून आवश्यकच आहे. पण जंगलात रोज कोण जातं? गुराखी, सरपण आणि गवत आणणाऱ्या स्त्रिया, कंदमुळं किंवा मध गोळा करणारे, भूमिहीन कुटुंबं, हंगामापुरते येणारे भटके पशुपालक. तुमच्या अभ्यासाचा भार बहुधा यांच्यावर पडतो आणि सभेत यांचाच आवाज सगळ्यात कमी असतो.

त्यांना त्यांच्या वेळेला, त्यांच्या जागी, शक्यतो वेगळं भेटा. स्त्रियांशी बोलायला संघात स्त्री संशोधक किंवा दुभाषी असावी. दुभाषा निवडताना भाषेइतकंच त्याचं गावातलं स्थान पाहा. सावकाराचा मुलगा किंवा वनखात्याचा माजी कर्मचारी शेजारी बसला असेल, तर उत्तरं त्याला उद्देशून दिली जातात. राहण्याची जागाही विचारपूर्वक ठरवा. एकाच घराचे पाहुणे झालात की त्या घराचं वैर आपोआप तुमच्या वाट्याला येतं.

संमती: इथे घाई करू नका

संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या मूलनिवासींच्या हक्कांविषयीच्या जाहीरनाम्यात मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीचं तत्त्व आहे. मुक्त म्हणजे दबावाशिवाय, पूर्व म्हणजे काम सुरू होण्याआधी, माहितीपूर्ण म्हणजे काय होणार ते नीट कळल्यावर. एका सहीच्या कागदात हे मावत नाही.

संमती दोन पातळ्यांवर घ्यावी लागते. समूहाची संमती मिळाल्याने प्रत्येक व्यक्ती मुलाखतीला बांधली जात नाही. तसंच दोन-चार व्यक्ती तयार झाल्या म्हणून सामाईक जंगलात कॅमेरे लावण्याचा अधिकारही मिळत नाही. पहिल्या सभेत फक्त सांगा आणि निघून या. लोकांना आपसात बोलायला वेळ द्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीत आलेला होकार पहिल्या दिवशीच्या टाळ्यांपेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

काय सांगायचं? तुम्ही कोण, पैसा कुणाचा, काय करणार, किती दिवस, माहिती कुठे जाणार. यातून तुम्हाला स्वतःला काय मिळणार, तेही सांगा: पदवी, शोधनिबंध, नोकरी. लोक विचारतातच, आणि ‘मी फक्त तुमच्यासाठी आलो आहे’ यावर कुणी विश्वास ठेवत नाही. काय देता येणार नाही, हे तर आवर्जून सांगा. ‘भरपाई मंजूर करणं माझ्या हातात नाही. रस्ता, नोकऱ्या मी आणू शकत नाही.’ असं बोलताना अवघडल्यासारखं होतं, पण हे पहिल्या आठवड्यात ऐकलेलं लोक स्वीकारतात. तेच वर्षभराने कळलं तर फसवणूक वाटते.

सांगून झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘घरी गेल्यावर या कामाबद्दल काय सांगाल?’ असं विचारा. उत्तरातून काय पोचलं आणि काय निसटलं ते लगेच दिसतं. सही किंवा अंगठ्याचा अनेक ठिकाणी धसका असतो, कारण जमिनी कागदावरच गेलेल्या असतात. अशा वेळी साक्षीदारासमोर तोंडी संमती घेण्याची तरतूद आपल्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीकडून आधीच मंजूर करून घ्या. आणि कुणी नकार दिला तर पुन्हा पुन्हा कारण विचारू नका. एका घराचा नकार तुम्ही कसा घेता, हे बाकीची घरं पाहत असतात.

एक प्रश्न संघाने गावात जाण्याआधीच सोडवलेला हवा: बेकायदा शिकारीचा फास दिसला किंवा कुणी विश्वासाने सांगितलं, तर काय करणार? कायद्याने काय कळवणं बंधनकारक आहे ते तपासा आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच त्या मर्यादा सांगा. पाळता येणार नाही अशा गुप्ततेचं वचन कधीच देऊ नका.

कॅमेरा ट्रॅप आणि ड्रोन

या विषयावर थोडं थांबणं गरजेचं आहे. वाघासाठी लावलेला कॅमेरा माणसाचाही फोटो काढतो. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातल्या लोकांशी बोलून केलेलं त्रिशांत सिमलाई यांचं संशोधन 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. कॅमेरे आणि ड्रोन यांचा वापर स्त्रियांवर नजर ठेवण्यासाठी आणि त्यांना घाबरवण्यासाठी कसा झाला, ते त्यात मांडलं आहे. एका स्त्रीचा अत्यंत खाजगी क्षणी टिपला गेलेला फोटो समाजमाध्यमांवर पसरला आणि संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासातून पुढे आली. जंगलात स्त्रिया मोठ्याने बोलतात, गाणी म्हणतात, त्याने हत्ती-वाघ सावध होऊन दूर जातात. आपल्यावर पाळत आहे या जाणिवेने त्यांचा आवाज दबला आणि प्राण्याशी अचानक गाठ पडण्याचा धोका वाढला. प्राण्यांच्या रक्षणासाठीचं साधन माणसाच्या जिवावर कसं उठू शकतं, ते इथे दिसतं.

म्हणून कॅमेऱ्यांच्या जागा संगणकावरच्या जाळीवरून परस्पर ठरवू नका. नकाशा घेऊन बसा. शौचाला, आंघोळीला, पाण्याला जायच्या वाटा, विसाव्याच्या आणि पूजेच्या जागा स्त्रियांकडून वेगळ्याने समजून घ्या आणि त्या वगळा. वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी चित्राची पाटी कॅमेऱ्याआधी लावा. माणसांचे फोटो कोण पाहणार, किती दिवसांत खोडणार, हे लिहून ठेवा. शक्य असेल तर माणसांचे फोटो ओळखून बाजूला काढणारी संगणकप्रणाली वापरा, म्हणजे ते संघातल्या कुणाच्याही नजरेला पडणार नाहीत. ते फोटो अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेच्या हाती जाणार का, हा प्रश्न परवानगीच्या कराराच्या वेळीच सोडवा. नंतर तो तुमच्या हातात राहत नाही. ड्रोन उडवायचा असेल तर दिवस, वेळ आणि दिशा आधी कळवा. गरज नसेल तर उडवूच नका.

पुढच्या भेटीत प्राण्यांचे फोटो घेऊन या. आपल्या घरामागून रात्री काय जातं, ते पाहण्याची उत्सुकता प्रत्येकाला असते. मुलं तर तुम्हाला सोडणारच नाहीत.

नाजूक प्रश्न विचारताना

‘तुम्ही शिकार करता का?’ याला खरं उत्तर मिळत नाही आणि हे विचारल्याने आधीचा संवादही आटतो. समोरच्याला धोका न होता समूहाबद्दल अंदाज बांधायच्या पद्धती आहेत. 1965 मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी मांडलेल्या यादृच्छिक प्रतिसादाच्या कल्पनेचा एक सुधारित प्रकार असा: माणूस तुम्हाला न दाखवता फासा टाकतो. 1 पडला तर काहीही असो ‘हो’ म्हणायचं, 6 पडला तर ‘नाही’, बाकी आकड्यांना खरं उत्तर द्यायचं. समजा 300 जणांना विचारलं. साधारण 50 जणांचा ‘हो’ फाशाने आलेला असेल, 50 जणांचा ‘नाही’ही तसाच आणि 200 जण खरं बोललेले असतील. एकूण 90 ‘हो’ आले तर 90 वजा 50, म्हणजे 200 पैकी 40, साधारण 20 टक्के. कोणत्याही एका माणसाचा ‘हो’ कशामुळे आला, ते तुम्हालाही कळत नाही आणि इतर कुणालाही कळणार नाही.

याला मोठा नमुना लागतो आणि नियम समजले नाहीत तर सगळं फुकट जातं. आधी निरुपद्रवी प्रश्नावर सराव करून घ्या. कुणाला फासा म्हणजे जुगार वाटत असेल तर रंगीत मणी वापरा. तरी माझं स्पष्ट मत आहे की असा प्रश्न अभ्यासाला अत्यावश्यक नसेल तर तो गाळावा.

मोबदला आणि श्रेय

वाटाड्या, हमाल, नोंदी ठेवणारे यांची निवड सर्वांसमोर करा, दर उघड ठेवा आणि पैसे ठरलेल्या दिवशी द्या. डोंगरकड्यावर किंवा हत्तींच्या वावरात काम करणाऱ्याचा अपघात विमा तुमच्या विम्यासारखाच असला पाहिजे. मुलाखतीला बसलेल्या माणसाची मजुरी बुडत असेल तर वेळेचा मोबदला देणं योग्यच आहे. मात्र ‘प्राणी दिसल्याची बातमी द्या, पैसे घ्या’ अशी पद्धत टाळा. मग प्राणी फार वारंवार दिसू लागतात.

पगमार्क (पंजाचे ठसे) ओळखणारा, पाऊस लांबला की कळप कुठे सरकतो ते सांगणारा माणूस ‘फील्ड असिस्टंट’ या दोन शब्दांत संपत नाही. अभ्यासाची मांडणी किंवा अर्थ लावणं त्याच्या ज्ञानावर उभं असेल तर सहलेखक म्हणून नाव द्या. नाव छापल्याने त्याला त्रास होणार नाही ना, हे मात्र त्यालाच विचारा.

माहिती कुणाच्या ताब्यात?

मूलनिवासींच्या विदेविषयी 2019 मध्ये चार तत्त्वं मांडली गेली: सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी, नीतिमत्ता. जनुकीय नमुने आणि त्यांच्याशी जोडलेलं पारंपरिक ज्ञान घेणार असाल तर अशा वापरातून होणारा लाभ न्याय्यपणे वाटण्याविषयीचा 2010 चा नागोया करार आणि त्यावर आधारित देशातले नियमही लागू होऊ शकतात.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं याचं नामिबिया हे उत्तम उदाहरण आहे. तिथल्या सामुदायिक संवर्धन क्षेत्रांत कशाची नोंद ठेवायची ते लोक ठरवतात. त्यांचे रखवालदार ‘इव्हेंट बुक’ नावाच्या नोंदवहीत घटना टिपतात, आलेख हाताने तिथेच काढले जातात आणि मूळ नोंदी तिथेच राहतात. शास्त्रज्ञ मदतीला असतात. तुमच्या अभ्यासातही निदान एक प्रत गावात, गावाला वाचता येईल अशा रूपात ठेवता येईल.

नेमकी ठिकाणं प्रसिद्ध करताना दहा वेळा विचार करा. दक्षिण चीनमधल्या गुहेत राहणाऱ्या एका गेकोचं (पालीसारख्या प्राण्याचं) वर्णन 1999 मध्ये प्रसिद्ध झालं आणि संग्राहकांनी तो मूळ ठिकाणाहून इतका उचलला की तिथे तो उरला नाही. एखाद्या शेतकऱ्याने विश्वासाने दाखवलेलं घरटं उद्या अनोळखी लोकांच्या झुंडी खेचून आणणार असेल, तर ते अक्षांश-रेखांश तुमच्यापाशीच राहू द्या.

अभ्यास चालू असताना काही विपरीत घडलं तर

कॉलर (ठावठिकाणा कळवणारा गळ्यातला पट्टा) लावलेला बिबट्या लोकांच्या लेखी ‘तुमचा’ होतो. त्याने शेळी नेली तर जाब तुम्हालाच विचारला जाईल. ‘यांनीच जनावरं आणून सोडली’ ही अफवाही जवळपास सगळीकडे उठते. म्हणून जनावर पकडताना आणि सोडताना गावातली माणसं साक्षीला असू द्या. कॉलर कशासाठी आहे आणि तिने प्राण्याला थांबवता येत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

माणूस दगावला किंवा जखमी झाला तर विदा, नमुने, मोजमापं सगळं बाजूला ठेवा. जा, बसा, ऐका. दवाखान्यात न्यायला गाडी द्या, अर्ज लिहायला हात द्या. ‘असे हल्ले विरळ असतात’ हे वाक्य त्या दिवशी उच्चारू नका, ते कितीही खरं असलं तरी. काम काही दिवस थांबवायचं की नाही, ते त्या कुटुंबाला आणि गावाला विचारून ठरवा.

हिमाचल प्रदेशातल्या स्पीती खोऱ्यातल्या किब्बर गावात हिमबिबट्यांवर काम करणाऱ्यांनी नुकसानीचा प्रश्न अभ्यासाच्या बाहेरचा मानला नाही. गावकऱ्यांसोबत पशुविमा उभा राहिला. त्यात जनावरांचे मालक स्वतः हप्ता भरतात आणि कारभार गावातली माणसं पाहतात. काही कुरणं चराईपासून मोकळी ठेवण्याचं वाटाघाटीतून ठरलं आणि त्याचा मोबदला गावाला दिला गेला. या अनुभवातून चारुदत्त मिश्रा यांनी समाजासोबत काम करण्याची जी तत्त्वं मांडली, त्यांत सातत्याने तिथे असणं हे पहिलं आहे. तुम्ही विद्यार्थी असाल तर विमा योजना उभारणं तुमच्या आवाक्यात नसेल, पण जी संस्था ते करू शकते तिच्याशी गावाची गाठ घालून देता येईल.

निकाल सांगणं आणि निघणं

निकाल छापून येण्याआधी गावात मांडा. कच्चे असले तरी चालतील. चुकीचा अर्थ लावला असेल तर लोक तिथेच दुरुस्त करतात आणि शोधनिबंध सुधारतो. आलेख नको. मोठा नकाशा, फोटो, स्थानिक भाषेतली छोटी ध्वनिफीत पुरेशी आहे.

नागालँडमधल्या पांगती गावाच्या आसपास 2012 मध्ये अमूर ससाणे हजारोंनी मारले गेले होते. गाव परिषदा, चर्च आणि संवर्धनाचं काम करणारे एकत्र आले आणि 2013 च्या हंगामात ही शिकार थांबली. त्याच वर्षी तीन ससाण्यांना उपग्रह ट्रान्समीटर लावले आणि त्यांना नागा, पांगती, वोखा अशी तिथलीच नावं दिली. अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जाणारा ‘पांगती’ आता कुठे पोचला, हे गाव विचारू लागलं. शास्त्रीय माहिती गावाची झाली, कारण ती तिथे सतत परत जात होती.

विश्वास बसतो आहे की नाही, हे कशावरून ओळखायचं? कौतुकावर जाऊ नका. लोक तुमच्याशी वाद घालू लागले, नकाशातली चूक दाखवू लागले, मेलेल्या प्राण्याची बातमी वनखात्याआधी तुम्हाला सांगू लागले, ‘आज वेळ नाही, नंतर या’ असं सरळ म्हणू लागले, तर गाडी रुळावर आहे.

निघण्याची तारीख निदान काही महिने आधी सांगा. कॅमेरे, दोर, खिळे, रंगीत फिती जंगलातून काढून घ्या. उधारी चुकती करा. सोबत काम केलेल्यांना अनुभवाचं प्रमाणपत्र आणि शिफारसपत्र द्या. तुमच्यानंतर त्या भागात दुसरा विद्यार्थी येणार असेल तर स्वतः सोबत जाऊन ओळख करून द्या. कुणाला काय वचन दिलं आणि त्यातलं काय राहिलं आहे, याची यादी त्याच्या हाती द्या. ती यादी वाचून दाखवताना गावातली माणसंही तिथे असावीत, म्हणजे विसरलेलं एखादं वचन ते तिथल्या तिथे भरून देतील.